आईच्या गाडीतला पेट्रोलचा वास

आमच्या गाडीत पेट्रोलचा वास येतो आणि तो आई गाडी चालवते म्हणूनच येतो, असा आमच्या घरात एकमताने निकाल लागलेला होता. एकमताने म्हणजे आजोबा, बाबा आणि फोनवरून नांदेडचे आशिषकाका. माझं आणि आईचं मत कुणी विचारलंच नव्हतं.

आजोबांना निकालांची सवय आहे. नामदेवराव देगलूरकर, कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. अजूनही घरात कुणी काही विचारलं की आधी घसा खाकरतात, मग मनगटावरचं खसचं अत्तर एकदा हुंगतात आणि मग बोलतात. ते म्हणाले, "अपर्णा नवीन आहे. टाकीचं झाकण नीट बसत नसेल तिच्याकडून." झालं! बाबांनी मान हलवली. माझे बाबा, सुधीर, सॉफ्टवेअरमध्ये मोठमोठ्या सिस्टिम चालवतात, पण आजोबांसमोर त्यांची मान आपोआप हलते.

आता माझ्या आईबद्दल सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. ती केमिस्ट्री शिकवते. मागच्या वर्षी तिची बदली संगारेड्डीच्या सरकारी ज्युनिअर कॉलेजात झाली. आम्ही राहतो बरकतपुऱ्यात, म्हणजे शहराच्या पार या टोकाला. सुरुवातीला ती बसने जायची. दोन बस बदलायच्या, आणि परतीची बस चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्धवट सोडून पळायचं. मग एक दिवस तिने जाहीर केलं की मी गाडी शिकणार. घरात गाडी एकच, सात सीटांची पांढरी एसयूव्ही, जी वळवताना बाबासुद्धा जीभ बाहेर काढतात. सगळे म्हणाले आधी छोट्या गाडीवर शीक. आई म्हणाली, "चालवायची ही आहे, तर शिकायची पण हीच." त्रेचाळिसाव्या वर्षी! मी मागच्या सीटवर बसून किंचाळायचे आणि ती आरशात बघून म्हणायची, "मेघना, हॉर्न मी वाजवते, तू नको वाजवूस."

तर ती शिकली. आणि मियापूर, पटानचेरू पार करून रोज जायला लागली. आता ती कॉलेज सुटल्यावर थांबते. ज्या मुलींचं प्रॅक्टिकल मागे राहिलंय त्यांना लॅब उघडून देते. त्यातल्या एकीने तर आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेट हातात धरली आणि आईला म्हणाली, मॅडम, हे काचेचं मी फोडलं तर? आई म्हणाली, फोड, पण रीडिंग घेऊन फोड. मला हे ऐकूनच इतका अभिमान वाटतो की मी वर्गात दोनदा सांगितलंय.

मग उन्हाळ्यात वास सुरू झाला. दार उघडलं की भपकारा. पुढे समोरच्या पट्टीवर इंजिनचा नारिंगी दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी झाकण बदललं, दिवा घालवला आणि आईला शिकवलं, "मॅडम, झाकण टिकटिक वाजेपर्यंत फिरवा." आठवड्याच्या मध्ये कधी पेट्रोल भरावं लागलं की आई आधीपासून टिकटिक वाजेपर्यंतच फिरवत होती. वास पुन्हा आला, दिवाही.

बाबा घाबरले. ते खरंच घाबरले होते, उगाच नाही सांगत. पेट्रोलचा वास म्हणजे आग, आणि त्या गाडीत आई रोज इतक्या लांब एकटी. पण त्यांनी उपाय काय काढला? आशिषकाका रविवारी नांदेडहून येणार आणि गाडी घेऊन जाणार.

"इकडं माझा माणूस आहे, बघून घेतो तो," काका स्पीकरवर गरजले. "आणि वहिनीला काय करायचीय एवढी मोठी गाडी? हत्ती आहे ती!"

"अपर्णा, बस आहेच की तोपर्यंत," बाबा फोनकडे बघत म्हणाले.

तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. काकांकडे गेलेला मिक्सर तीन दिवाळ्या झाल्या तरी परत आलेला नाही.

मला वाटलं आई भांडेल. ती फक्त म्हणाली, "रविवारी कितीला येतात भावजी?"

बतुकम्माच्या, म्हणजे इकडच्या फुलांच्या सणाच्या, सुट्ट्या चालू होत्या. मला शाळा नाही, तिला कॉलेज नाही; तिचं सोमवारी उघडणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हलवून उठवलं. "जुने कपडे घाल. गाडीखाली झोपायचंय तुला."

अशी सकाळ कुणाला नको असते? मी पाच मिनिटांत तयार.

चादरघाटाच्या पलीकडे खादरभाईंचं गॅरेज आहे. खादरभाई म्हणजे रंगवलेली दाढी, डोळ्यांवर गॉगल, आणि नम्रपणा औषधालाही नाही. त्यांनी नवी मशीन आणली होती आणि ती दाखवायला कुणीतरी हवंच होतं.

"अम्मा, पूरे चादरघाट में ये मशीन सिर्फ मेरे पास है," ते म्हणाले. "सूंगने का काम खतम. ये दिखाती."

"काय दाखवते?" मी विचारलं. मला हल्ली प्रश्न विचारायला अजिबात लाज वाटत नाही.

मशीन धूर सोडते. जळणारा नाही, थंड, पांढरा, तेलाच्या वाफेसारखा. टाकीकडून निघणाऱ्या नळीत तो हळूच भरायचा. सगळं धड असेल तर धूर आतच राहतो. कुठे चीर असेल तर तिथून बाहेर येतो, आणि मग चोर सापडला. पण गाडी पूर्ण थंड हवी, किल्ली काढलेली हवी, आणि आसपास विडी ओढणारं कुणी नको. खादरभाईंनी शेजारच्या पंक्चरवाल्याला इथूनच ओरडून त्याची सिगारेट विझवायला लावली.

आई मला समजावत होती. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होते. ती हवेत सोडायची नाही, म्हणून एक नळी ती वाफ एका काळ्या डब्यात नेते. त्या डब्यात कोळसा असतो, खास तयार केलेला, ज्याच्या कणाकणात भोकं असतात. वाफ त्या भोकांत चिकटून बसते. गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून घेतं आणि जाळतं. "म्हणजे वास यायलाच नको," आई म्हणाली. "येतोय, म्हणजे या वाटेवर कुठेतरी गळतंय."

गाडी वर उचलली, खाली पुठ्ठा अंथरला आणि मी टॉर्च घेऊन आत सरकले. आई दुसऱ्या बाजूने. होय, माझी आई, लेक्चरर अपर्णा देगलूरकर, ओढणी कमरेला बांधून गाडीखाली! खादरभाईंनी बटण दाबलं. सुरुवातीला काहीच नाही. मग टाकीच्या वरच्या बाजूने, अगदी कोपऱ्यातून, उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर गेली.

"मिळालं! मिळालं! आई, मिळालं!" मी इतक्या जोरात ओरडले की डोकं सायलेन्सरला आपटलं.

नळी कुरतडलेली होती. बारीक बारीक दातांच्या खुणा. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उंदीर नाहीत, घुशी आहेत, मांजरं त्यांना बघून रस्ता बदलतात. खादरभाई खाली वाकले, बघितलं, आणि छाती फुगवून म्हणाले, "बोला ना मैं? दिखाती!"

"मशीनने दाखवलं की मी?" मी म्हटलं.

"तुम और मशीन, दोनों मेरेच है आज," ते म्हणाले.

नळी आणायला आम्ही रिक्षाने अफझलगंजला गेलो. तिथे रबराच्या नळ्यांचं एक दुकान आहे, आत माणूस दिसत नाही इतक्या नळ्या लटकलेल्या. दुकानदाराने तुकडा बघितला आणि एक काळी नळी कापायला घेतली.

"ही पाण्याची आहे," आई म्हणाली. मराठीत नाही, तेलुगूत, आणि आईचं तेलुगू कॉलेजमुळे एकदम झकास झालंय.

"सेमच असते, अम्मा."

"पेट्रोलच्या वाफेत ही फुगेल आणि थोड्या दिवसांत मऊ पडेल. पेट्रोलला टिकणारी द्या. नळीवर छापलेलं असतं, मला दाखवा."

दुकानदाराने तिच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. मग आतून दुसरी काढली, तिच्यावरची धूळ पुसून अक्षरं दाखवली आणि विचारलं, "गॅरेज कुठंय तुमचं?" मी आईच्या आधी सांगून टाकलं, "बरकतपुऱ्यात!" बाहेर आल्यावर आई जी हसली, जी हसली.

नळी बसली. पुन्हा धूर भरला. एक रेघसुद्धा नाही! खादरभाईंनी हात झटकले. "खलास. ले जाव गाडी."

मी नाचतच होते. पण आई गाडीच्या मागच्या चाकाजवळ उकिडवी बसली होती, डोळे मिटून.

"अजून येतोय," ती म्हणाली.

"अम्मा, वो पुराना वास है, हवा लगे तो जाता."

"नाही. हा ताजा आहे." आणि तिने काय विचारलं माहितीये? "मेघना, वास कोणत्या दिवशी जास्त असतो?"

मी विचार केला. ती मला बस स्टॉपवर सोडते तेव्हा सोमवारी मी नाक दाबून बसते. शुक्रवारी विसरूनही जाते.

"सोमवारी जास्त," मी म्हटलं. "शुक्रवारी जवळजवळ नाहीच."

"नळी तर रोजच कुरतडलेली होती ना? मग नळीचा वास वार बघून कसा येईल?" ती उठली. "खादरभाई, तो कोळशाचा डबा काढा."

ते नाखुशीने खाली गेले. दोन क्लिपा, तीन नळ्या, आणि डबा बाहेर आला. त्यांनी तो हातात तोलला आणि त्यांचा चेहरा बदलला. "ये इत्ता भारी कैकू है?" डबा कलता केला तर आतून गळायला लागलं. वाफ नाही. पेट्रोल. चक्क पेट्रोल!

"अम्मा," खादरभाईंनी गॉगल काढला, "टाकी कैसा भरते आप लोगां?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर शनिवार संध्याकाळ उभी राहिली.

आता ते सांगायलाच हवं. दर शनिवारी आजोबा बाबांना घेऊन पंपावर जातात. सुनेला आठवडाभर लांब जायचंय, तेव्हा टाकी भरून द्यायची, हे त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम. पंपाची नळी खटकन बंद झाली की बाकीचे लोक निघतात. आजोबा उतरतात. मागच्या बाजूला जाऊन दोन्ही हातांनी गाडी हलवतात, जशी बरणीत डाळ भरताना आपण बरणी हलवतो तशी. "बसू दे, बसू दे खाली," म्हणतात. मग आणखी भर. पुन्हा हलव, पुन्हा भर, झाकणापर्यंत पेट्रोल दिसेपर्यंत. पंपावरची पोरं आता त्यांना बघितलं की स्वतःच हलवायला येतात. तरुणपणी नांदेडला जाताना बोधनच्या पुढे कुठेतरी त्यांची जीप बंद पडली होती, आजी आणि तान्हे बाबा आत, आणि मैलोन् मैल पंप नाही. तेव्हापासून देगलूरकरांची टाकी गळ्यापर्यंतच भरते.

आणि ते वरचं पेट्रोल, ज्याला टाकीत जागाच नव्हती, ते वाफेच्या नळीतून थेट कोळशाच्या डब्यात जात होतं. दर शनिवारी. आणि सोमवारी गाडी कोण चालवायचं? आई.

"आई!!" मी रिक्षात बसल्या बसल्या सुरू झाले. नवा डबा शनिवारी येणार होता, म्हणून गाडी गॅरेजमध्येच होती. "घरी गेल्या गेल्या सांगायचं. सगळ्यांसमोर. आजोबांनीच केलं आणि निकाल तुझ्यावर!"

"मग काय होईल?"

"तू जिंकशील!"

"आणि ते?" ती बाहेर बघत होती. "मेघू, ते गाडी माझ्यासाठी भरतात. दुसरं कुणी कधी विचारलं, अपर्णा, टाकीत आहे का म्हणून?"

मला हे सुचलं नसतं, आणि मला बऱ्याच गोष्टी सुचतात.

शुक्रवारी चहाच्या वेळी आईने स्वयंपाकघरातून दोन काचेच्या बरण्या आणल्या. पाण्याच्या फिल्टरची नवीकोरी कांडी फोडली आणि आतला काळा कोळसा एका बरणीत ओतला. "अगं ती काल आणलीय!" बाबा कळवळले. तिने लक्ष दिलं नाही.

"मामंजी, तुमचा खस द्याल जरा?"

आजोबांनी अत्तराची कुपी दिली, संशयाने. आईने कापसाच्या दोन बोळ्यांवर एकेक थेंब टाकला, दोन्ही बरण्यांत एकेक ठेवला, झाकणं लावली. "चहा घ्या तोवर."

चहा झाला. तिने रिकामी बरणी आजोबांसमोर उघडली. खस घमघमला. मग कोळशाची.

आजोबांनी नाक आत घातलं. पुन्हा घातलं. "हे काय? काहीच नाही की!"

"कोळशाने वास पकडून ठेवला. गाडीत पण असाच डबा असतो, पेट्रोलची वाफ धरून ठेवायला." आणि तिने कुपी कोळशावर उपडी केली.

"अगं अगं अगं! काय करायलीस!" आजोबा अर्धे उठले. कोळसा ओला चिंब झाला. आईने झाकण लावलं, थोडं थांबली आणि उघडलं. वासाने अख्खा हॉल भरला. बाबा शिंकले.

"कोळसा तोच आहे, मामंजी. त्याला वाफ झेपते. ओतलेलं झेपत नाही."

आजोबांनी घसा खाकरला नाही. बरणीकडे बघत राहिले. कोर्टात इतकी वर्षं काढलेला माणूस. त्यांना दोन आणि दोन कुणी मांडून द्यावं लागत नाही.

"डब्यात पेट्रोल सापडलं?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

"टाकी... फार भरली की?"

"हो. पण नळी घुशीने कुरतडलेलीच होती. सगळं एकट्या टाकीमुळे नाही."

मला म्हणायचं होतं, बघा! मी माझ्या जिभेवर अक्षरशः दात ठेवला. बाबांनी आजोबांकडे बघितलं, मग आईकडे, आणि यावेळी त्यांची मान कुठल्याच बाजूला हलली नाही. "अपर्णा, मी एकदा पण वार बघितले नाहीत गं," ते म्हणाले. "ऑफिसात दिवसभर हेच करतो मी, काय कधी बिघडलं ते शोधायचं." आणि उठून कपबशा विसळायला गेले, जे ते कधीच करत नाहीत.

शनिवारी नवा डबा बसला. आईने खादरभाईंना बाजूला करून एक क्लिप स्वतः दाबली. पुन्हा धूर, पुन्हा टॉर्च, मी आणि ती दोघी खाली. काही नाही. नारिंगी दिवा गेला. खादरभाई म्हणाले, "अम्मा, नौकरी छोडे तो इधर आ जाव." आई म्हणाली, "आधी तुम्ही माझ्या लॅबला या, ॲप्रन घालून."

रविवारी सकाळी आशिषकाका काचीगुडा स्टेशनवरून थेट घरी आले. हातात बॅग नाही, पिशवी नाही, फक्त गाडी न्यायला मोकळे हात. उपमा खाता खाता म्हणाले, "चला वहिनी, किल्ली द्या. ऊन व्हायच्या आत निघतो. तुम्हाला पण सुटका त्या वासातून."

आई उपम्यावर लिंबू पिळत होती. मी आजोबांकडे बघत होते, कारण मला खरंच माहीत नव्हतं ते काय करतील. आपला निकाल परत घेताना मी त्यांना आयुष्यात पाहिलेलं नाही.

आजोबांनी घसा खाकरला.

"गाडी कुठं जाणार नाही," ते म्हणाले. "चूक माझी होती. टाकी मी भरत होतो, नको तेवढी. अपर्णाने शोधून काढलं. गाडी तिची आहे."

"पण दादा, ठरलं होतं ना..." काका आजोबांना म्हणाले.

"ठरलं होतं ते चुकीचं ठरलं होतं. उपमा घे अजून."

काका बाबांकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, "ती उद्यापासून कॉलेजला जातेय, आशिष. आणि आमचा मिक्सर पुढच्या वेळी घेऊन ये." मी पाणी पिताना ठसकले.

काकांनी मग बराच वेळ हट्ट धरला की बायकांनी कितीही शोधलं तरी वास जाणं शक्य नाही, अशा गाड्या आपण बघितल्यात. आईने ताटं उचलली, हात धुतले, किल्ली घेतली.

"तुमची परतीची गाडी कितीला आहे, भावजी? मी सोडते स्टेशनला."

खाली पार्किंगमध्ये ऊन गाडीवर सरळ पडलं होतं, म्हणजे वास यायची अगदी नेमकी वेळ. मी मागे बसले, काका पुढे. बसता बसता त्यांनी दोनदा नाक वर करून हुंगलं, मग मान खाली घालून हुंगलं, सीटच्या खालीसुद्धा. आईने गाडी दोन खांबांच्या मधून अशी उलटी काढली की खांबाला वाराही लागला नसेल. गेटमधून बाहेर पडलो, वळलो. थोड्या वेळाने काकांनी हळूच बटण दाबून आपल्या बाजूची काच खाली केली.

"भावजी," आई समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "एसी चालू आहे. काच वर करा."